बर्फात मीठ किती? आणि वाटेवरचे आणखी काही प्रश्न

मुंबईहून एक-दोन दिवसांच्या सफरीला निघणाऱ्यांनी वाटेवरच्या खाण्याबद्दल प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. वडापाव-मिसळीवर पत्रं येतील असं वाटलं होतं, पण बहुतेक गाड्या आइस्क्रीमपाशीच येऊन थांबल्या. तेव्हा या वेळी थंड पदार्थांनाच जागा जास्त.

प्र. पुण्याहून परतताना दोन लिटर सीताफळ आइस्क्रीम जाड आइसबॉक्समध्ये, भोवती भरपूर बर्फ घालून आणलं. साडेतीन तासांत त्याचं दूध झालं. गंमत म्हणजे बर्फ बऱ्यापैकी शिल्लक होता! फ्रीजरमध्ये पुन्हा लावलं तर त्यात खडे झाले. कुठे चुकलं? (ठाणे)

उ. बर्फ शिल्लक राहिला यातच उत्तर आहे. बर्फ वितळतो शून्य अंशाला. आइस्क्रीममध्ये साखर असते, त्यामुळे ते उणे तीनच्या आसपासच वितळायला लागतं आणि उणे सहाला त्यातलं निम्मं पाणी पातळच असतं. म्हणजे शून्य अंशाचा बर्फ आइस्क्रीमला गार ठेवत नाही, उलट त्याच्यापेक्षा गरमच असतो. तुम्ही भोवती कितीही बर्फ भरलात तरी निकाल हाच लागला असता.

उपाय जुनाच आहे, कुल्फीवाल्याचा. बर्फात जाडं मीठ घाला. तीन किलो बारीक फोडलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ हे वजनी प्रमाण धरा. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली वितळायला लागतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. चांगल्या पेटीत उणे बारा ते उणे पंधरापर्यंत सहज उतरतो. डबा आधी दोन प्लास्टिक पिशव्यांत एकावर एक घट्ट बांधा, नाहीतर घरी खारं सीताफळ खावं लागेल. डबा पेटीच्या तळाला टेकवू नका. खाली चार बोटं बर्फ-मिठाचा थर, मग डबा, मग बाजूंनी आणि वरून भरा. पेटी उघडून बघत बसू नका, दर वेळी थंड हवा निघून जाते. आणि दुकानात आइस्क्रीम आधीच मऊ असेल तर घेऊच नका, पेटी काही ते घट्ट करून देत नाही.

ड्राय आइस मिळत असेल तर दोन लिटरला दोन किलो चार तासांच्या प्रवासाला पुरतो. त्याचं तापमान उणे ७८ अंश, त्यामुळे उघड्या हातानं धरायचा नाही, जाड हातमोजे हवेत. तो डब्याच्या वर ठेवा, थंड वायू खाली उतरतो. पेटीचं झाकण हवाबंद करू नका, आतला वायू दाबानं ते उडवेल. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, म्हणून गाडीच्या काचा थोड्या उघड्या हव्यात. डिकी वेगळी बंद नसलेल्या छोट्या गाड्यांत तर हे विसरून चालणारच नाही. घरी आल्यावर तासभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच चमचा लावा.

खड्यांचं म्हणाल तर कारखान्यात आइस्क्रीम घुसळत घुसळत झटपट गोठवतात, म्हणून बर्फाचे कण जिभेला कळणार नाहीत इतके बारीक राहतात. वितळलेलं आइस्क्रीम घरच्या फ्रीजरमध्ये न हलवता, सावकाश गोठतं आणि कण मोठे होतात. ते दुरुस्त होत नाही. तासन्‌तास पातळ राहिलेलं आइस्क्रीम खाण्याच्या दृष्टीनंही बरं नाही, कारण गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. अजून थंडगार असेल तर त्याच दिवशी मिल्कशेक करून संपवा.

प्र. छोट्या गावातल्या पार्लरमध्ये स्कूप देतात, वेष्टन दिसत नाही. आइस्क्रीम आहे की फ्रोझन डेझर्ट, हे चवीवरून ओळखता येतं का? (गिरगाव)

उ. खात्रीनं नाही. वनस्पती तेलातलं फ्रोझन डेझर्ट टाळूला किंचित चिकटतं, बाहेर ठेवलं तर ओघळण्याऐवजी फेसासारखं उभं राहतं, असं म्हणतात. पण घट्टपणा आणणारे पदार्थ घातलेलं दुधाचं आइस्क्रीमही तसंच वागतं. सरळ मार्ग म्हणजे काउंटरवरच्या माणसाला मूळ डबा दाखवायला सांगणं. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. अडीच ते दहा टक्के असेल तर मीडियम फॅट. दुधाच्या जागी वनस्पती तेल असेल तर डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिणं बंधनकारक आहे. हिरवा ठिपका दोन्हींवर असतो, त्यावरून काही ठरत नाही.

घरी आणलेल्या डब्याची मात्र एक सोपी परीक्षा आहे: वजन. नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. उरलेली जागा हवेची! एक लिटरचा डबा साडेसातशे ग्रॅमच्या वर गेला तर हवा कमी आणि माल जास्त आहे असं समजा. कुल्फी घुसळतच नाहीत म्हणून तिच्यात हवा जवळजवळ नसते. ती दगडासारखी घट्ट असते आणि हळू वितळते, त्याचं एक मोठं कारण हेच.

प्र. जानेवारीत मुलांना घेऊन महाबळेश्वरला जातोय. स्ट्रॉबेरी विथ क्रीम कुठेही चांगलं मिळतं का? आणि मुलांना घाट लागतो. (मुलुंड)

उ. आधी घाट. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाट आहे. मुलांना वाईत कोरडं काहीतरी द्या, भाकरीचा तुकडा, चिरमुरे. क्रीम वर पोचल्यावर. परतीला याच्या उलट चूक होते: निघताना शेवटचा ग्लास क्रीम आणि लगेच उतरणीची वळणं. क्रीम आणि घाट यांच्यात किमान दीड तास जाऊ द्या.

स्ट्रॉबेरी नोव्हेंबरअखेर दिसायला लागते, जानेवारी ते मार्च भर असतो. त्यामुळे तुमची वेळ उत्तम आहे. मे महिन्यात ग्लासात जे मिळतं त्यात फळापेक्षा पाक जास्त असण्याची शक्यता धरावी. क्रीम दुधाचं आहे का, हे इथे मात्र ओळखता येतं. दुधाचं फेटलेलं क्रीम उन्हात पाच-दहा मिनिटांत कडेनं सैल पडतं. तासभर शोकेसमध्ये टोकदार उभं राहणारं, पांढरंशुभ्र क्रीम बहुधा वनस्पती तेलातलं. फळ आत पांढरं निघालं तर फसवलं म्हणू नका, काही जातींचा गाभा फिकाच असतो. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या तिथल्या नेहमीच्या जाती. नाव विचारून दोन्हींचं एकेक फळ खाऊन पाहा.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन खोक्याच्या तळाचं फळ तपासत नाही. खोकं उलटून बघा. तळाला ओल दिसली तर ठेवून द्या. घरी येईपर्यंत धुऊ नका आणि देठ काढू नका. डिकीत नको, पायाशी एसीच्या वाऱ्यात ठेवा. दोन दिवसांत संपवा.

प्र. डहाणूला एका दिवसात जाऊन चिकूचं आइस्क्रीम खाऊन यायचं आहे. मागे एकदा खाल्लं तेव्हा घसा खवखवला. (बोरिवली)

उ. घसा थंडीनं नाही, कच्च्या चिकूनं धरला. अर्धवट पिकलेल्या चिकूत चीक आणि तुरटपणा दोन्ही असतात. तो गर आइस्क्रीममध्ये गेला की थंडीत आधी कळत नाही, शेवटच्या घासाला घसा सांगतो. दुकानात गर कधी काढला ते विचारा. चांगला गर तपकिरी आणि किंचित रवाळ असतो. हा रवाळपणा चिकूचाच आहे, दोष नाही. अगदी गुळगुळीत, एकसारखं गुलाबी-तपकिरी आइस्क्रीम दिसलं तर त्यात रंग आणि इसेन्स जास्त असू शकतो.

गाडीनं चारोटी नाक्याला महामार्ग सोडून डहाणू, पुढे किनाऱ्यानं घोलवड-बोर्डी. एका दिवसासाठी गाडीची गरजही नाही, विरारहून डहाणू लोकल आहे. बागेतून चिकू आणायचे तर साल नखानं हलकी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फळ काढणीला आलेलं नव्हतं, ते घरी नीट पिकणार नाही. पिवळसर दिसलं तर चार-पाच दिवसांत पिकेल. पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका.

प्र. मस्तानी, कोल्हापुरी कॉकटेल, पियूष यांत नेमका फरक काय? मुलगा कॉकटेल मागतो आणि आजी दचकते. (कुर्ला)

उ. आजींना सांगा, कोल्हापूरच्या कॉकटेलमध्ये दारूचा थेंबही नसतो. उंच ग्लासात मिल्कशेक, आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा असे थर असतात. मस्तानी पुण्याची: दाट मिल्कशेक आणि वर त्याच चवीच्या आइस्क्रीमचा गोळा. घरी करायची तर दोनशे मिली उकळून गार केलेलं दूध, शंभर ग्रॅम आमरस आणि एक गोळा आइस्क्रीम फिरवा, दुसरा वर ठेवा. बर्फ घालायचा नाही, पाणचट होते. पियूष ही आपली गिरगाव-दादरची चीज, आइस्क्रीमशी तिचा संबंध नाही. दोनशे ग्रॅम श्रीखंडाला तीनशे मिली गोडं ताक, जायफळ, केशर. ताक आंबट झालं की पियूष संपलं.

प्र. जुन्या बाजारातून लाकडी बादलीचा आइस्क्रीमचा पॉट घेतला. तासभर फिरवलं तरी दूधच. शेवटी थोडं घट्ट झालं ते खारट. बादली गळतेही. (डोंबिवली)

उ. तीन वेगळ्या तक्रारी आहेत, गळतीपासून सुरू करू.

लाकडाच्या पट्ट्या सुकून आक्रसलेल्या असतात. वापरण्याच्या आदल्या रात्री बादली काठोकाठ पाण्यानं भरून ठेवा. पट्ट्या फुगतात आणि फटी मिटतात. तरीही धार लागली तर मग सुताराकडे. आतला डबा तांब्या-पितळेचा असेल तर कल्हई केल्याशिवाय त्यात दूध घालू नका. पत्र्याचा असून आतून गंज दिसत असेल तर डबा बदलाच.

न गोठण्याची कारणं. मिश्रण कोमट होतं का? आटवलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण गार करूनच ओता. साखर जास्त होती का? एक लिटर मिश्रणाला दीडशे ग्रॅमच्या आसपास ठीक, अडीचशे घातलीत तर ते घट्ट व्हायला तयारच होत नाही. बर्फाची मोठी ढेपं घातलीत का? गोणपाटात गुंडाळून मोगरीनं लिंबाएवढे तुकडे करा. आणि सगळ्यात नेहमीची चूक: बादलीतलं पाणी वारंवार ओतून टाकणं. बर्फ वितळून झालेलं ते खारं पाणी हीच तुमची थंडी आहे. बर्फाचे तुकडे डब्याला इथे-तिथे टेकतात, खारं पाणी सगळीकडून वेढतं. भोकाचं बूच काढायचं ते पाणी झाकणाच्या पातळीला येऊ लागलं तरच, आणि तेही दोन बोटं खाली जाईपर्यंत. खारटपणाचं कारणही इथेच आहे. पाणी झाकणावरून आत शिरलं. झाकण उघडण्याआधी ते ओल्या फडक्यानं पुसलं नाही तरी कडेचं मीठ आत पडतं.

दोन लिटरच्या पॉटचा हिशेब असा. मिश्रण सव्वा लिटर, डब्याचा दोन तृतीयांश भाग, कारण घुसळताना हवा शिरून ते फुगतं. एक लिटर म्हशीचं दूध आटवून पाऊण लिटर करा, गरम असतानाच एकशे ऐंशी ग्रॅम साखर विरघळवा, गार झाल्यावर तीनशे मिली साय किंवा क्रीम घाला. बाहेर पाच-सहा किलो बर्फ आणि त्याच्या एक चतुर्थांश जाडं मीठ, थरावर थर. इथे तीनास एक करायचा मोह आवरा. मीठ वाढवलं की कडेचा थर एकदम धरतो, पातं अडतं आणि आत खडे होतात. पहिली पाच मिनिटं सावकाश फिरवा, मग न थांबता एका लयीत. पंचवीस ते चाळीस मिनिटांत दांडा जड होतो. आमरस किंवा सीताफळाचा गर घालायचा तो अर्धवट धरल्यावर, आधी नाही. दांडा फिरेनासा झाला की पातं काढा, डब्याचं तोंड बटर पेपरनं झाकून झाकण लावा, नवा बर्फ-मीठ भरा आणि वरून ओलं गोणपाट टाकून दोन तास मुरू द्या. पातं चाटायला मिळणार म्हणून फिरवायला मुलं मिळतात, त्यांचा उपयोग पहिल्या वीस मिनिटांपुरताच. नंतर मोठा माणूस हवा.

काम झाल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुऊन उलटं वाळवा. खारं पाणी लोखंडी पट्ट्या आणि गिअर एका मोसमात खातं. हाताच्या पॉटचं आइस्क्रीम कसं लागायला हवं हे आधी कळावं असं वाटत असेल तर भेंडीबाजारात १८८७ पासूनचं सांच्यातलं आइस्क्रीम आजही मिळतं.

प्र. मिरचीचं आइस्क्रीम खाताना आधी काहीच कळत नाही, नंतर तोंड पेटतं. घरी केलं तर उलट झालं, बेचव. (विलेपार्ले)

उ. तिखटपणा जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो. थंडीनं तेच सुस्तावलेले असतात. घास गिळून तोंड पुन्हा गरम झालं की ते जागे होतात. म्हणून मजा उशिरा. बेचव झालं कारण तुम्ही मिश्रण कोमट असताना चाखून बेताचं ठेवलंत. थंडीत गोड आणि तिखट दोन्ही मंदावतात. कोमट मिश्रण किंचित जास्त गोड, किंचित जास्त तिखट लागलं पाहिजे. अर्धा लिटर दूध-क्रीम गरम करून गॅस बंद करा, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, बिया काढून त्यात पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा. तिखट स्निग्धांशात उतरतं, म्हणून नुसत्या दुधापेक्षा क्रीममध्ये ते जास्त येतं. पेरूच्या आइस्क्रीमवरचं तिखट-मीठ मात्र वरून, खाताना. मिश्रणातच मीठ घातलं तर ते घट्ट होत नाही.

प्र. जांभळाचं आणि कोकमाचं आइस्क्रीम करताना दूध फाटतं. बाहेर कसं जमतं? (बदलापूर)

उ. जांभळाच्या गावातून हा प्रश्न यावा, हे छान! जांभळाचा गर साखरेबरोबर पाच-सात मिनिटं शिजवा, पूर्ण गार करा आणि थंडगार, दाट क्रीममध्ये शेवटी घाला. आंबट आणि ऊन एकत्र आले की दूध फाटतं. दोन्ही थंड असतील तर फार तर दाटपणा येतो. साल गाळून टाकलीत तर तुरटपणा कमी होतो, रंगही थोडा जातो.

कोकमाचा नाद सोडा. ते इतकं आंबट असतं की थंडीतही दूध टिकत नाही. त्याचा दुधाविना बर्फाळ सरबतासारखा प्रकार करा. साखर किती हे फोडांच्या आंबटपणावर अवलंबून, म्हणून जुनी युक्ती: धुतलेलं ताजं कच्चं अंडं कवचासकट त्या रसात सोडा. रुपयाच्या नाण्याएवढा भाग वर तरंगला तर साखर बरोबर. बुडालं तर कमी, गोठल्यावर दगड होईल. फार वर आलं तर जास्त, गोठणारच नाही. शाकाहारी घरांसाठी अंदाज: एक लिटरला अडीचशे ते तीनशे ग्रॅम.

कच्चा अननस दुधात कधीच नको, त्यातल्या पाचक रसामुळे तासाभरात कडू होतं. शिजवून घाला.

प्र. गावच्या जत्रेतला बर्फाचा गोळा मुलांना द्यावा का? (भाईंदर)

उ. बर्फाची लादी बघा. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळसर लादी घासताना दिसली तर पुढे चला. पांढरी दिसली म्हणून शुद्ध ठरत नाही. लादी कशावर ठेवलीय, भुश्यात की स्वच्छ प्लास्टिकवर, तेही बघा. शंका असेल तर त्याच जत्रेत उसाचा रस घ्या, बिनबर्फाचा.

प्र. अलिबाग-वसईच्या रस्त्यावरचे ताडगोळे कसे निवडायचे? नीरा दुपारी प्यावी का? (अंधेरी)

उ. ताडगोळा मार्च ते जून. बोटानं हलका दबला पाहिजे आणि आत पाणी डुचमळलं पाहिजे. कडक झालेला पोटात दुखवतो. सोलून पिशवीत ठेवलेले घेऊ नका, साल असलेले घ्या आणि खाताना सोला. घरी आणायचे तर साल न काढता, फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नीरा पहाटे उतरवतात, गार ठेवली नाही तर आंबायला लागते. सकाळी, थंड पेटीतलीच घ्या. फेस किंवा आंबूस वास आला तर ती आता नीरा राहिलेली नाही.

प्र. महामार्गावर ‘अस्सल खरवस’ असे फलक बारा महिने दिसतात. इतका चीक येतो कुठून? (दादर)

उ. शंका रास्त आहे. चीक व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचा, त्यातला पहिला वाटा वासराचा. उरलेला विकला जातो हे खरं, पण प्रत्येक फलकामागे व्यायलेली म्हैस असेलच असं नाही. चायना ग्रास किंवा कॉर्नफ्लोअर घालूनही वड्या पडतात.

परीक्षा सोपी आहे. एक वडी घरी आणून कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवा. चायना ग्रासची वडी वितळून पसरते. कॉर्नफ्लोअरची चिकट होते. खऱ्या चिकाची वितळत नाही: पाणी सोडते, आक्रसते आणि घट्ट होते, कारण चिकातली प्रथिनं उष्णतेनं एकदा गोठली की पुन्हा पातळ होत नाहीत, उकडलेल्या अंड्यासारखीच. दुकानात बघायचं तर कापाकडे बघा. खऱ्या खरवसाला बारीक छिद्रं असतात आणि ताटलीत थोडं पाणी सुटतं. आरशासारखी गुळगुळीत, कोरडी वडी संशयास्पद.

ओळखीच्या गोठ्यातून चीक मिळाला तर पहिल्या दिवसाच्या एका वाटी चिकाला दोन ते तीन वाट्या दूध, दुसऱ्या दिवसाच्या एका वाटीला एकच वाटी. आधी चमचाभर मिश्रण छोट्या वाटीत वाफवून बघा. रबरासारखं झालं तर दूध वाढवा, धरलं नाही तर चीक. मग गूळ, वेलची, जायफळ घालून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. गूळ किसून, मिश्रण थंड असतानाच विरघळवा. झाकणाखाली फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पडून वर खड्डे पडतात. फ्रीजमध्ये दोन दिवस. प्रवासात मात्र बर्फ-मिठात ठेवू नका, खरवस गोठला की चोथा होतो. त्याला नुसता बर्फ पुरतो.